डॉकवर लावताना कंटेनर गाडीची मागची बाजू वाचवायची कशी?

घाटमार्ग

नमस्कार मंडळी. १४ फुटी आणि १७ फुटी अशा दोन बंद बॉडीच्या गाड्या भिवंडी ते चाकण चालतात. दोन्हीकडच्या नव्या गोडाउनांत हायड्रॉलिक लेव्हलरवाले (गाडीच्या उंचीप्रमाणे वर-खाली होणाऱ्या लोखंडी फळ्याचे) डॉक आहेत. भिवंडीत एक जुना गाळाही आहे, तिथे नुसता सिमेंटचा ओटा आणि मधे टाकायला लोखंडी पत्रा.

नुकसान ठरावीक जागीच होतं. १४ फुटीच्या मागच्या दोन्ही दारांचे सगळ्यात खालचे बिजागर वाकलेत, उजव्या कोपऱ्याचा उभा खांब खालून फूटभर आत गेलाय, दार नीट बसत नाही आणि पावसात तिथून पाणी आत येतं. डाव्या बाजूचा टेल लॅम्प सारखा फुटतो. १७ फुटीचं खालचं सगळं ठीक आहे, पण दारावरच्या आडव्या पट्टीला मधोमध पोचा आहे. आतली जमीन दोन्ही गाड्यांत मागच्या बाजूला दबलीय, चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा लोखंडी पत्रा) दोन जागी फाटलीय.

मापं अशी: १४ फुटीचा हौदा (माल ठेवायची आतली पातळी) रिकाम्या गाडीत जमिनीपासून ९६० मिमी, पूर्ण माल भरल्यावर ८९०. बॉडीची बाहेरची रुंदी २१३० मिमी. १७ फुटीचा हौदा रिकामा १०४०, छताची मागची कड जमिनीपासून ३२०० मिमी. नव्या डॉकची उंची १२००. डॉकला काळे रबरी बंपर आहेत, २५० मिमी उंच आणि १०० मिमी बाहेर आलेले.

बॉडीवाला म्हणतो मागे चौफेर ८ मिमीचा अँगल मारून देतो, काही होणार नाही. मेकॅनिक म्हणतो खालचा आडवा बार कापून टाका, तोच आधी लागतो. पैसे घालण्याआधी जाणकारांना विचारतोय, नेमकं काय करावं?

---

ओळंबा

मापं दिलीत ते फार बरं केलंत, त्यातच बरंचसं उत्तर आहे. अँगल मारू नका आणि बारही कापू नका. आधी गाडी डॉकला सगळ्यात आधी कुठे लागते ते शोधा. तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

पहिला १४ फुटीचा. डॉक १२०० आणि बंपर २५० मिमी उंच, वरच्या कडेला लागून बसवलेला असेल तर रबर ९५० ते १२०० या पट्ट्यातच आहे. तुमचा हौदा ९६० ला. म्हणजे हौद्याखालची मजबूत आडवी चौकट, जिने धक्का घ्यायला हवा, ती जवळजवळ पूर्ण रबराच्या खाली राहते. रबराला टेकतो तो हौद्याच्या वरचा भाग: दाराचा उभा खांब आणि खालचा बिजागर. भरलेली गाडी उतरवायला आली की हौदा ८९० वर, मग तर चौकटीचा आणि रबराचा संबंधच उरत नाही. दार मागे दुमडून बाजूला लावलं तरी बिजागराची गाठ चौकटीच्या मागे २५-३० मिमी बाहेर असतेच, त्यामुळे पूर्ण गाडीचा रेटा त्या दोन गाठींवर येतो. बिजागर वाकणारच.

हे डॉक ३२ फुटी कंटेनर डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले असतात. त्यांचा हौदा डॉकच्या पातळीला किंवा थोडा वर येतो, त्यांना २५० चा बंपर पुरतो. छोट्या गाड्यांना पुरत नाही. उपाय डॉकवाल्याकडे आहे: बंपर उभा हवा, ४५० मिमी किंवा अधिक उंचीचा, म्हणजे रबर निदान ७५० पर्यंत खाली येतं. आहे त्याच्या खाली दुसरा बंपर लावला तरी चालतं. चार ते सहा एम-१६ अँकर फास्टनरचं काम आहे, गोडाउनच्या देखभालीच्या माणसाला अर्धा दिवस पुरतो. लेखी मागा, ईमेलवर, मापांसकट. "गाडी लागते" असं म्हटलं की ड्रायव्हरवर ढकलतात. "हौदा ८९० ला, रबराची खालची कड ९५० ला" असं लिहिलं की ढकलायला जागा राहत नाही.

रुंदीचाही घोळ आहे. बहुतेक लेव्हलर २ मीटर रुंद, बंपर त्याच्या दोन्ही बाजूंना. दोन बंपरांमधलं मोकळं अंतर टेपने मोजा. ते २००० भरलं तर २१३० च्या बॉडीचा प्रत्येक कोपरा जेमतेम ६५ मिमी रबरावर येतो, तेही गाडी अगदी मधोमध लागली तर. हातभर कशाला, चार बोटं बाजूला सरकली की एक कोपरा रबर चुकवून आत जातो आणि लेव्हलरच्या लिपच्या (हौद्यावर टेकणाऱ्या पुढच्या जिभेच्या) टोकाला किंवा काँक्रीटच्या कडेच्या लोखंडी अँगलला भिडतो. एकाच बाजूचा खांब आत गेलाय आणि दुसऱ्या बाजूचा लॅम्प फुटतोय, त्यावरून गाडी कधी इकडे कधी तिकडे लागते असं दिसतं. डॉकसमोर जमिनीवर मधली पिवळी रेघ नसेल तर ती मारून घ्या, निदान ८-१० मीटर लांब. ड्रायव्हरला आरशात बाजूच्या रेघा दिसतात, त्यांचं अंतर ३२ फुटीच्या हिशोबाने असतं, म्हणून छोट्या गाडीला त्यांचा उपयोग होत नाही.

आता १७ फुटी. वरच्या पट्टीला पोचा म्हणजे गाडी मागे झुकून उभी राहते. जुन्या गाळ्यासमोरची जमीन ओट्याकडे उतरती असणार. बहुतेक जुन्या ठिकाणी ओट्याला उंची मिळावी म्हणून समोर खड्डा केलेला असतो. हे तपासायला महागडं काही लागत नाही. रिकामी गाडी ओट्यापासून फूटभर पुढे थांबवा, छताच्या मागच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि हौद्याच्या पातळीला दोरी बॉडीपासून किती लांब पडते ते मोजा. जितकी लांब, तितकं छत मागे झुकलंय. हिशोब सोपा आहे: हौदा १०४० ला, छत ३२०० ला, फरक २१६० मिमी. उतार ५ टक्के असेल तर झुकाव १०८. ८ टक्के असेल तर १७३. नव्या डॉकसारखा १०० चा बंपर इथे असला, तरी ५ टक्क्यांनाच खाली रबर टेकण्याआधी वरचं छत भिंतीला, शटरच्या पेटीला किंवा पावसाच्या पत्र्याला लागतं. बंपरचा पुढावा झुकावापेक्षा निदान ५० मिमी जास्त हवा. झुकाव १०८ निघाला तर १६० चा बंपर, किंवा १०० च्या बंपरमागे लोखंडी चौकट घालून तेवढा पुढे आणायचा.

जुन्या गाळ्यातली जमीन फक्त मागच्या चाकांखाली उतरती आणि पुढची चाकं सपाटीवर असली तर पाणसळ लावून काढलेला उतार खोटा येतो. म्हणून गाडीवरूनच ओळंबा सोडा.

---

पत्राकाम

वरच्या प्रतिसादातल्या मापांशी सहमत. बॉडी बांधणाऱ्याच्या बाजूने थोडं.

८ मिमीचा अँगल चौफेर मारला की दोन गोष्टी होतात. मागच्या टोकाला वजन वाढतं आणि धक्का मात्र कुठेच जिरत नाही, तो पुढे सरकतो. आज बिजागर वाकतोय, उद्या हौद्याच्या आडव्या चॅनलचं वेल्डिंग चिरेल. तडा गेला तर लवकर दिसतही नाही, वर रंग आणि चिखल असतो. बिजागर बदलणं स्वस्त, चौकट उघडणं महाग.

खरी अडचण अशी की चेसिसचे दोन लांब गर्डर गाडीच्या मधे असतात, एकमेकांपासून साधारण ८५० मिमी. बॉडी २१३० ची. म्हणजे प्रत्येक बाजूला सहाशे-साडेसहाशे मिमीचा कोपरा हवेत लटकलेला, आणि डॉकचे बंपर नेमके तिथेच लागतात. त्या कोपऱ्याचा रेटा चेसिसपर्यंत पोचवला पाहिजे. मागच्या आडव्या चॅनलच्या टोकापासून तिरका टेकू पुढे चेसिसकडे आणा, ७५ बाय ४० चं सी चॅनल, दोन्ही बाजूंना. चेसिसला ते वेल्ड करू नका. गर्डरच्या उभ्या पट्टीत बोल्टने धरा, शक्यतो आधीच असलेल्या भोकांत. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत भोक पाडायचं नाही, सगळे कंपनीवाले हे मना करतात आणि त्याला कारण आहे, तिथे सगळ्यात जास्त ताण असतो.

उभ्या खांबाचं: आत गेलेला भाग ठोकून सरळ करू नका. खालचे ६०० मिमी कापून ४ मिमी पत्र्याचं घडी केलेलं चॅनल घाला, पायाशी त्रिकोणी पट्टी द्या. बिजागर नवीन घेताना गाठ चौकटीच्या आत बसेल असा घ्या. खांबाला खाच करून बसवता येतो, म्हणजे ती २५-३० मिमी बाहेर येणारी गाठच राहत नाही. एवढं एक काम केलं तरी निम्मा त्रास जातो. दाराचं रबर त्याच वेळी बदला. खांब सरळ न करता नवं रबर लावलं तर महिन्याभरात फाटतं.

गाडीला रबर लावायचं असेल तर हौद्याच्या चौकटीवर, टेकू जिथे येतो त्याच्या समोर. भरीव रबराचे ठोकळे घ्या, साधारण १५० बाय १०० चे आणि ५० जाडीचे, एम-१२ बोल्टने, बोल्टचं डोकं रबरात निदान २० मिमी आत बुडलेलं. बोल्टचं डोकं बाहेर राहिलं की ते डॉकचा बंपर फाडतं आणि मग गोडाउनवाला तुमच्याकडून भरपाई मागतो. ७५ पेक्षा जाड ठोकळे नकोत. गाडी डॉकपासून तेवढी लांब राहते आणि लेव्हलरची लिप हौद्यावर कमी टेकते. लिप ४०० ची धरली तर डॉकचा बंपर १०० आणि तुमचं रबर ५० जाऊन २५० उरते, ते पुरेसं आहे.

टेल लॅम्प आहे त्याच उंचीवर राहू द्या, फक्त चौकटीच्या मागच्या कडेपासून ५०-६० मिमी आत बसेल अशी पेटी करा. जाळी लावली तर गज पातळ हवेत, दिवा झाकता कामा नये. मागची लाल परावर्तक पट्टी बंपर घासतो त्या पट्ट्यात येत असेल तर थोडी वर घ्या, पण सलग ठेवा. आरटीओच्या फिटनेस तपासणीला ती बघतात.

आणि वेल्डिंगला बसण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर सोडवा, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. बीएस-६ गाडीत हे टाळलं तर वाचवलेले पैसे ईसीयूत जातात.

खालच्या आडव्या बाराबद्दल: तो मागून येणारी गाडी खाली घुसू नये म्हणून आहे, आयएस १४८१२ या भारतीय मानकाप्रमाणे, खालची कड जमिनीपासून ५५० मिमीपेक्षा वर नको. कापला तर फिटनेसला अडकेल, आणि मागून कुणी दुचाकीवाला किंवा कारवाला आदळला तर काय होतं ते सांगायला नको. तो हौद्याच्या मागच्या कडेपेक्षा थोडा आत असतो. तो आधी लागत असेल तर एक तर वाकून मागे आलाय किंवा जुन्या गाळ्याच्या ओट्याला खाली काँक्रीटची पायरी आहे. वाकलेला असेल तर ब्रॅकेट बदला. पायरी असेल तर त्या जागी गाडी पूर्ण टेकवायचीच नाही, मधे लांब पत्रा वापरायचा.

---

घाटमार्ग

दोघांचे मनापासून आभार. ओळंबा सोडून पाहिला. जुन्या गाळ्यावर दोरी हौद्यापासून १३० मिमी लांब पडते. नव्या डॉकवर उलट, जमीन थोडी बाहेरच्या बाजूला उतरती आहे. नव्या डॉकच्या बंपरांमधलं अंतर २०४० भरलं. खांब आणि बिजागराचं काम पत्राकाम यांनी सांगितलं तसं करून घेतो.

आता आतल्या जमिनीचं सांगा. आणि आणखी एक: माल भरता भरता गाडी डॉकपासून हळूहळू पुढे सरकते. हँडब्रेक ओढलेला असतो, तरी. एकदा लिप सुटायच्या बेतात आली होती.

---

पॅलेटवाला

गाडी सरकणं आधी घेतो, कारण त्यात माणूस जाऊ शकतो.

फोर्कलिफ्ट गाडीत शिरून ब्रेक मारते तेव्हा गाडीला पुढे ढकलते. माल ठेवून मागे निघताना चाकं जमिनीला रेटा देतात, तोही पुढेच. वेग घेणं आणि बाहेर आल्यावरचं थांबणं डॉकवर होतं, गाडीच्या वाट्याला फक्त पुढचे धक्के येतात. म्हणून गाडी कधीच डॉककडे सरकत नाही, नेहमी दूरच जाते, प्रत्येक फेरीला थोडी थोडी. लिप हौद्यावर निदान १०० मिमी टेकलेली हवी. लेव्हलर लावल्यावर लिपच्या टोकाशी हौद्यावर खडूने रेघ मारा. दर चार-पाच पॅलेटनंतर (माल रचलेल्या चौकटीनंतर) रेघ आणि लिप यांत फट दिसते का बघायचं. दोन बोटं फट दिसली की काम थांबवून गाडी पुन्हा लावायची.

छोट्या गाडीतला केबलचा हँडब्रेक या धक्क्यांसमोर टिकत नाही. चाकाला ठोकळे हवेतच, मागच्या दोन्ही बाजूंच्या चाकांच्या पुढे, कारण गाडी पुढे जाणार आहे. मागे लावलेला ठोकळा इथे काहीच करत नाही, आणि निम्म्या डॉकवर तो मागेच दिसतो. ठोकळ्याची उंची टायरच्या व्यासाच्या साधारण पाव हवी. तुमच्या टायरला २०० मिमीच्या आसपास. टायरला घट्ट भिडवून लावा, मधे फट नको. फट राहिली तर गाडी तेवढी वेग घेऊन ठोकळ्यावर चढते. विटा आणि दगड नकोत, वीट दाबाने फुटते. पावसात ओल्या काँक्रीटवर रबरी ठोकळाही घसरतो, तेव्हा खालून खाचा असलेला घ्या आणि लावण्याआधी जागा झाडूने कोरडी करा. साखळीने डॉकच्या भिंतीला बांधून ठेवा, नाहीतर आठवड्यात गायब होतात. जुन्या गाळ्यावर उतार ओट्याकडे आहे, तिथे चाकाच्या मागेही एक जोडी लावा, नाहीतर भरलेल्या गाडीचं वजन दिवसभर बंपरवर रेलून राहतं.

आता जमीन. २ टनी फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन साधारण ३ ते साडेतीन टन. वर टनाचं पॅलेट घेतलं की निम्म्याहून बरंच जास्त वजन पुढच्या दोन चाकांवर, आणि ते सगळं तुमच्या हौद्याच्या मागच्या मीटरभर भागावर, जो चेसिसच्या मागे लटकलेला आहे. १४ फुटी गाडीची सगळी पेलण्याची ताकदच तीन-चार टन. बंदरावरच्या मोठ्या कंटेनरची जमीन फोर्कलिफ्टसाठी तपासलेली असते, ही तशी नाही. स्पष्ट सांगा: या दोन्ही गाड्यांत फोर्कलिफ्ट आत येणार नाही. फोर्कलिफ्टने पॅलेट डॉकवर ठेवायचं, तिथून हँड पॅलेट ट्रकने (हाताने ओढायच्या चाकांच्या गाड्याने) आत. त्याचं स्वतःचं वजन ७०-८० किलो.

पण हँड पॅलेट ट्रकनेही जमीन फाटते, आणि ती फाटलेली चेकर प्लेट बहुधा त्यानेच. पुढच्या रोलरचा व्यास ८० मिमी, टेकते ती पट्टी अगदी अरुंद, त्यावर टनाच्या पॅलेटचा भार. खालच्या आडव्या चॅनलांमधलं अंतर ४५०-६०० असेल तर ३ मिमीचा पत्रा मधे वाकतो, मग चॅनलच्या कडेवर दर वेळी तुटत जातो. वरून ठिगळ वेल्ड करू नका. ठिगळाच्या कडेला रोलर अडकतो, माणूस जोर लावून ढकलतो आणि पॅलेट आडवं जाऊन बाजूच्या पत्र्याला लागतं. मागचा सव्वा मीटर भाग उघडा, आडव्या चॅनलांमधलं अंतर ३०० वर आणा, वर ५ किंवा ६ मिमीची चेकर प्लेट एकसंध घाला. मागची कड थोडी गोल करा, लिप बसताना धार लागत नाही.

लेव्हलर उतरवणाऱ्याला सांगा, लिप हौद्यावर आपटू द्यायची नाही. प्लॅटफॉर्म वर, लिप बाहेर, मग सावकाश खाली. बसल्यावर लेव्हलर तरंगत्या अवस्थेत राहिला पाहिजे, म्हणजे माल भरताना हौदा ६०-७० मिमी खाली जातो तेव्हा लिपही बरोबर जाते. काही ठिकाणी लिपच्या खाली लाकूड अडकवतात, ते बिलकुल नको. हौदा खाली गेला की लिप अधांतरी आणि पुढचं पॅलेट त्या कडेवर आदळतं.

तुमचा हौदा भरल्यावर ८९०, डॉक १२००, फरक ३१० मिमी. लेव्हलर लिपसकट २.४ मीटरचा असेल तर चढ १३ टक्क्यांजवळ जातो. युरोपीय मानक ईएन १३९८ मध्ये १२.५ टक्क्यांची मर्यादा आहे. मर्यादेच्या थोडंसंच वर, पण टनाचं पॅलेट हाताने त्या चढावरून वर आणायला एक माणूस पुरत नाही, आणि भरताना खाली जाणारं पॅलेट हाताबाहेर जाऊन पुढच्या भिंतीवर आदळतं. भिवंडीत भरताना दोन माणसं लावा, पॅलेटच्या समोर कोणीही उभं राहायचं नाही. चाकणच्या गोडाउनात छोट्या गाड्यांसाठी वेगळा कमी उंचीचा डॉक असेल तर तोच मागा. असतो बऱ्याच ठिकाणी, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

पुढच्या भिंतीचं बघून घ्या. फोर्क ११५० मिमी लांब आणि पॅलेट १००० खोलीच्या बाजूने उचललं की फोर्कची टोकं पॅलेटच्या पलीकडे १५० मिमी निघतात. पॅलेट भिंतीपाशी नेताना ती टोकं आधी भिंतीत घुसतात. पत्र्याला बारीक जोड-भोकं, जमिनीपासून १०० मिमीच्या आत, एकमेकांपासून फूट-दीड फुटावर दिसली की समजायचं. पुढच्या भिंतीला खाली १०० बाय १०० चा लाकडी ओंडका आडवा बोल्टने लावा आणि त्यावर ३ मिमीची लोखंडी पट्टी. बाजूच्या भिंतींना ३०० मिमी उंचीपर्यंत पट्टी पुरते. कुणाकडे पफ पॅनलची (भिंतीत फोमचा थर असलेली) थंड गाडी असेल तर हे आधी करा. एका भोकातून आत गेलेलं पाणी थरात पसरतं आणि पॅनल जड होतं, थंडावा धरत नाही.

---

रात्रपाळी

लावण्याच्या पद्धतीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

डॉकपासून ३ मीटरवर पूर्ण थांबायचं. खाली उतरून दारं उघडायची, दोन्ही दारं बाजूला पूर्ण दुमडून हुकात अडकवायची आणि हुक हाताने ओढून बघायचा. हुकाऐवजी सुतळी नको. वाऱ्याने दार सुटतं आणि शेजारच्या गाडीला किंवा डॉकच्या गादीला लागतं. मग जमीन, बंपर आणि वरचा छज्जा नजरेखालून घालायचे. बंपरचं रबर फाटून लोखंडी पट्टी बाहेर आली असेल तर त्या डॉकवर गाडी लावायची नाही, सुपरवायझरला बोलवायचं.

मागे माणूस उभा करायचा असेल तर ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असा, डॉकवर. गाडी आणि डॉक यांच्या मधे कोणीही नको, अगदी हमालसुद्धा. "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा एकच असावा. फूटभर राहिलं की पुन्हा थांबायचं, मग क्लचवर सावकाश. बंपरला गाडी टेकली पाहिजे, ठोकायची नाही. बऱ्याच जणांना वाटतं ठोकल्याशिवाय नीट लागत नाही.

एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. काहीजण टेकल्यावर रेटा देऊन तसाच हँडब्रेक ओढतात, म्हणजे फट राहणार नाही. मग भरताना हौदा खाली जातो, रबर दाबलेलं असतं, ते बॉडीला धरून खाली खेचलं जातं. बंपरचे थर सुटतात आणि तुमच्या चौकटीचा रंग निघून गंज सुरू होतो. टेकली की न्यूट्रल करा, रबर स्वतःच गाडीला जराशी पुढे ढकलतं, मग हँडब्रेक आणि पहिला गिअर. एअर ब्रेकच्या गाडीत पार्किंगचा खटका ओढल्यावर हवा सुटल्याचा आवाज पूर्ण ऐकायचा.

किल्ली काढून डॉकच्या माणसाकडे द्यायची आणि पावती हातात आल्यावरच परत घ्यायची. लाल-हिरवा दिवा असला तरी. दिवा बंद पडतो, विसरला जातो. किल्ली नसेल तर गाडी हलत नाही. निघताना क्रम उलटा: लिप आत गेली हे डोळ्यांनी पाहायचं, ठोकळे काढायचे, ३ मीटर पुढे घ्यायची, मगच दारं लावायची. डॉकला चिकटून दार फिरवायला गेलं की खालचा बिजागर आणि लॉकचे दांडे वाकतात.

---

बिल्टी

कागदाचं थोडक्यात. गेटवर आत येताना आणि बाहेर पडताना मागच्या बाजूचे चार फोटो, वेळ दिसेल असे. डॉकवर काही लागलं तर गेटपास आणि बिल्टीवर तिथेच शेरा लिहून सही घ्या. दुसऱ्या दिवशी कुणी मानत नाही.

विमा तपासा. व्यापारी वाहनाच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंगकाम सहसा धरलेले नसतात, त्यासाठी आयएमटी २३ हे जोडकलम घ्यावं लागतं. तुमचं बहुतेक नुकसान त्याच यादीत बसतं. बॉडी वेगळी बांधून घेतली असेल तर तिची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवली आहे का तेही बघा. छोट्या दाव्यांसाठी नो क्लेम बोनस घालवू नका, आधी हिशोब करा.

---

घाटमार्ग

शेवटचं एक. जुन्या गाळ्याचा मालक म्हणतो, नवा बंपर कशाला, जुने टायर टांगतो. चालेल का? आणि तिथला पत्रा सरकतो, त्याचं काय?

---

ओळंबा

अख्खा टायर टांगला तर तो पोकळ असतो. गाडी दाबते तेव्हा पूर्ण चपटा होतो आणि सोडताना उसळतो. तुमच्याकडे १३० झुकाव आहे, तुम्हाला दाबल्यावरही १८० उरेल असं काही हवं, अख्खा टायर ते देत नाही. टायर वापरायचाच तर त्याच्या पट्ट्या कापून, एकमेकांवर घट्ट रचून, दोन्ही टोकांना अँगल आणि मधून दोन आरपार दांडे घालून दाबून घ्या. कारखान्यातले थरांचे बंपर असेच बनतात. पट्ट्या कडेवर उभ्या राहतील अशा रचा. तारा कापलेल्या टोकाला बाहेर आलेल्या नकोत, त्या पत्र्याला ओरखडे पाडतात. १८० पुढाव्यासाठी मागे लोखंडी चौकट आणि पुढे १०० रबर असं करा, सगळं रबराचं केलं तर ते खाली लोंबतं.

चौकट बसवताना ओट्याची कड आधी ठोकून बघा. जुन्या गाळ्यांत वरचे तीन-चार इंच पोकळ वाजतात, तिथे अँकर धरत नाही. तसं असेल तर ओट्याच्या कडेला वरून खाली येणारा जाड पत्र्याचा एल आकाराचा तुकडा बसवा आणि वरच्या बाजूला, कडेपासून निदान ३०० मिमी आत, बोल्ट घ्या.

पुढावा १८० झाला की मधली फट वाढते, त्यामुळे पत्राही लांब लागेल. दोन्ही बाजूंना निदान १५० टेकलं पाहिजे, म्हणजे ४८० पेक्षा कमी नको. ओटा आणि हौद्याच्या उंचीत फरक असेल तर त्या उतारासाठी आणखी लांब. सरकू नये म्हणून पत्र्याच्या खाली ५० च्या अँगलचे दोन तुकडे वेल्ड करा, ते फटीत उतरून ओट्याच्या बाजूला अडतात. गाडीच्या बाजूला काही वेल्ड करू नका, हौदा खाली-वर होतो तिथे पत्रा मोकळा हवा. जाडी १० मिमी धरा, आणि दोन्ही टोकांच्या कडा ग्राइंडरने उतरत्या करून घ्या, नाहीतर रोलर तिथेच अडेल.